लंडन ते कराची, १९२९: ताशी १०० मैलांच्या विमानाला सात दिवस कसे लागायचे?

चौकस_४११ विचारतात:

दोन महायुद्धांच्या मधल्या प्रवासी विमानसेवांवर एका छोट्या प्रदर्शनासाठी तक्ता करतो आहे. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीची लंडन-कराची सेवा ३० मार्च १९२९ ला सुरू झाली, एकेरी भाडं १३० पौंड, वेळ सात दिवस, इथपर्यंत सगळीकडे एकच माहिती मिळते. पण गणित काही जुळत नाही. अंतर सुमारे ५००० मैल, त्या काळच्या विमानांचा वेग ताशी ९५ ते ११० मैल. म्हणजे हवेत साधारण ५० तास. रोज दहा तास उडालं तरी पाच दिवसांत कराची यायला हवी. उरलेले दोन दिवस गेले कुठे?

दुसरं म्हणजे मध्येच प्रवाशांना रेल्वेत बसवायचे असं वाचलं. विमानाचं तिकीट काढलेल्याला रेल्वेत का बसवायचं? आत बसून जाणं कसं होतं, वाटेत काय बिघडायचं, आणि कराचीत उतरलेला माणूस मुंबईला कसा पोचायचा, हेही कोणी नीट सांगितलं तर बरं होईल. "तो काळच वेगळा होता" छापाचं नको, तपशील हवेत.

---

नकाशेवाला:

"रोज दहा तास उडालं तर" यातच तुमचं गणित चुकतंय. दहा तास मिळायचेच नाहीत.

या मार्गावर रात्री उडत नसत, कारण खाली दिवे नव्हते. विमानतळ म्हणजे बहुतेक ठिकाणी सपाट केलेली जमीन, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा आणि एक पत्र्याची शेड. त्यामुळे उजेड आहे तोवरच उड्डाण. त्यात पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, ही गोष्ट तक्ते करणारे हमखास विसरतात. लंडन आणि कराचीच्या घड्याळांत साडेपाच तासांचा फरक. तो सात दिवसांत वाटला तर रोज पाऊण तास उजेड असाच गेला.

आता थांबे मोजा. १९२९ चा मार्ग असा: लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून पॅरिसमार्गे स्वित्झर्लंडमधलं बाझल, तिथून रेल्वेने जिनोआ, मग ऑस्टिया, नेपल्स, कोर्फू, अथेन्स, क्रीटमधला सूडा उपसागर, टोब्रुक, अलेक्झांड्रिया, गाझा, रुत्बा, बगदाद, बसरा, बुशहर, लिंगेह, जास्क, ग्वादर आणि कराची. रेल्वेचा टप्पा सोडला तर अठरा उड्डाणं. प्रत्येक ठिकाणी उतरा, पेट्रोल भरा, डाकेच्या थैल्या उतरवा-चढवा, कागद दाखवा, हवामानाची खबर घ्या. एका थांब्याला पाऊण तास धरला तरी सगळे मिळून बारा-तेरा तास जमिनीवर गेले. त्यात तीन वेगवेगळी विमानं. बाझलपर्यंत आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ आर्गोसी, भूमध्य समुद्रावर शॉर्ट कलकत्ता ही उडती बोट (पाण्यावरून उठणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान), अलेक्झांड्रियापासून पुढे डी हॅविलँड डीएच ६६ हर्क्युलिस. एक उशिरा आलं की पुढचं खोळंबलंच.

रेल्वेची दोन कारणं, आणि दुसरं जास्त चिवट. पहिलं आल्प्स. आर्गोसीसारख्या जड द्विपंखी विमानाने पूर्ण भार घेऊन, खराब हवेत, वेळापत्रक सांभाळून तो डोंगर ओलांडणं भरवशाचं नव्हतं. म्हणून बाझलला रात्रीच्या गाडीत बसवायचे आणि जिनोआला समुद्रावर पुन्हा विमान. दुसरं कारण परवानग्या. दुसऱ्या देशावरून उडायचं तर त्या देशाची मर्जी लागते, आणि इटलीला या वाहतुकीत स्वतःचा वाटा हवा होता. १९२९ संपेपर्यंत बोलणी फिसकटली, इटलीचा किनारा बंद झाला आणि प्रवाशांना मध्य युरोपातून रेल्वेने ग्रीसपर्यंत न्यावं लागलं. पुढे तडजोड झाली ती अशी की पॅरिस ते इटलीतलं ब्रिंडिसी बंदर रेल्वे आणि ब्रिंडिसीहून उडती बोट. ही व्यवस्था १९३६ पर्यंत टिकली. तोवर आल्प्स ओलांडणं तसं जमत होतं, तरी रेल्वे टळली नाही.

इराणचंही तेच. बुशहर, लिंगेह, जास्क हा किनारा इराणचा. त्यांनी मर्यादित काळाची परवानगी दिली आणि नंतर मुदत वाढवायला नकार दिला. १९३२ मध्ये अख्खा मार्ग आखाताच्या अरब बाजूला सरकला: कुवेत, बहारीन, शारजा. शारजाच्या शेखाशी त्याच वर्षी करार झाला आणि प्रवाशांना रात्री मुक्कामासाठी तिथे किल्ल्यासारखं विश्रामगृह बांधलं. शेखाला द्यायचं भाडं अर्थातच भारतीय रुपयांत, कारण आखातात चलन तेच होतं.

मधला वाळवंटाचा टप्पा सगळ्यात मजेशीर. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद डाक सुरू केली तेव्हा खाली ओळखीची खूणच नव्हती. म्हणून मोटारींच्या चाकोऱ्यांनी, आणि जिथे चाकोरी उमटेना तिथे नांगराने, जमिनीवर शेकडो मैल रेघ ओढली. ठरावीक अंतरांवर उतरण्याच्या जागा आखून त्यांवर अक्षरं आणि आकडे काढले. वैमानिक ती रेघ धरून जायचा. बिघाड झाला तर रेघेजवळ उतरायचं आणि बिनतारी संदेशात आपल्याला शेवटी दिसलेलं अक्षर सांगायचं. इंपीरियलने जानेवारी १९२७ मध्ये कैरो-बसरा सेवा हातात घेतली तेव्हा ही रेघ तयारच मिळाली. तोटा एवढाच की सूर्य डोक्यावर आला की सावली जाते आणि रेघ दिसेनाशी होते, आणि धुळीच्या वादळात तर काहीच दिसत नाही.

---

तेलपाणी:

नकाशेवाल्यांनी मार्ग सांगितला, मी यंत्राचं सांगतो.

हर्क्युलिसला तीन इंजिनं होती ती चैनीसाठी नव्हती. एकाच इंजिनाचं विमान वाळवंटात बंद पडलं की उतरणं भागच. तीन असली तर उरलेल्या दोनांवर पुढच्या मैदानापर्यंत तरी जाता येतं. प्रवासी सात, बाकी जागा डाकेला. इंजिन ब्रिस्टल ज्युपिटर, नऊ सिलिंडर वर्तुळात मांडलेले, हवेने थंड होणारे. वाळवंटात याचा मोठा फायदा: रेडिएटर नाही, म्हणजे पाणी गळायला नको आणि उकळायलाही नको. पण रॉकर (झडपा हलवणारे दांडे) उघडे असल्याने त्यांना हाताने ग्रीस द्यावं लागे, आणि बारीक वाळू त्या ग्रीसला चिकटली की तीच झीज करते. मुक्कामाच्या ठिकाणी प्रवासी जेवत असताना मेकॅनिक शिडीवर असायचा तो यासाठी.

१९३१ पासून मोठं विमान आलं, हँडली पेज एचपी ४२. चार ज्युपिटर, दोन वरच्या पंखावर आणि दोन खालच्या, वरचा पंख १३० फूट. एकूण आठच बांधली. युरोपातल्या चारांत ३८ प्रवासी, पूर्वेकडच्या चारांत सुरुवातीला १८ आणि नंतर २४. जागा कमी कारण डाक जास्त. बैठकीची रचना डोकं वापरून केलेली: एक केबिन पंखाच्या पुढे, एक मागे, आणि पंख्यांच्या पात्यांच्या रेषेत येणाऱ्या मधल्या भागात सामान, संडास आणि पँट्री. पंख्याचा आवाज आणि थरथर त्याच पट्ट्यात सगळ्यात जास्त, शिवाय पातं तुटलं तर त्याच रेषेत फेकलं जाणार. त्यामुळे एचपी ४२ मध्ये साध्या आवाजात बोलता यायचं. आर्गोसीत कानात कापूस घालून बसायचे.

तक्त्यात पेट्रोल भरण्याचं एक चित्र जरूर घाला. बऱ्याच थांब्यांवर पंप नव्हता. चार गॅलनचे पत्र्याचे डबे यायचे, लाकडी खोक्यात दोन-दोन. पूर्वेकडच्या एचपी ४२ ची टाकी सुमारे ५०० गॅलनची, म्हणजे पूर्ण भरायची तर १२५ डबे. पंखावर माणूस, खाली साखळी. आणि डबा नुसता ओतून चालत नाही. डब्यात गंज असतो, रात्रीच्या गारव्याने आत धरलेलं पाणी असतं, आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसतं. टाकीत गेलं तर कार्ब्युरेटरच्या जेटपाशी पोचतं आणि इंजिन नेमकं उड्डाणाच्या वेळी फुरफुरतं. म्हणून फनेलमध्ये शॅमॉय नावाचं मऊ कातडं ताणून त्यातून गाळायचं. कातडं आधी पेट्रोलने भिजवायचं. तसं भिजलं की ते पेट्रोल जाऊ देतं आणि पाणी वर अडवतं. कोणी पाण्याने ओलं केलेलं कातडं वापरलं तर उलट पाणीच आत जाणार. फनेलला तार लावून ती टाकीला जोडायची, कारण कातड्यातून पेट्रोल जाताना स्थिर वीज साचते आणि कोरड्या हवेत ठिणगी पडायला वेळ लागत नाही. डब्यातलं तळाचं बोटभर पेट्रोल ओतायचंच नाही. शेवटी टाकीखालचा कॉक उघडून थोडं काढून बघायचं.

माणसांचंही वजन व्हायचं. क्रॉयडनला सामानासकट प्रवासी काट्यावर उभा. आजच्या विमानात एका माणसाच्या दहा किलोंनी फरक पडत नाही. सात प्रवाशांच्या हर्क्युलिसमध्ये ते दहा किलो म्हणजे तेवढं पेट्रोल किंवा तेवढी डाक. कोणाला पुढे बसवायचं आणि कोणाला मागे, हेही त्या आकड्यांवरून ठरे.

पहाटे निघण्याचं कारण फक्त उजेड नव्हे. थंड हवा दाट असते, पंखाला उचल जास्त मिळते, भरलेलं विमान कमी धावेत उठतं. दुपारी तापलेल्या वाळूवरून गरम हवेचे झोत उठतात. ही विमानं काही हजार फुटांवरूनच जायची, म्हणजे नेमकी त्या झोतांतून. कागदी पिशव्या प्रत्येक जागेपाशी असत आणि लागतही.

आता वाऱ्याचं गणित, कारण बहुतेक उशीर यातून व्हायचा. ग्वादर ते शारजा सरळ रेषेत ४३० मैल. शांत हवेत ताशी १०० मैलांनी सव्वाचार तास. समोरून ताशी ४० मैलांचा वारा लागला तर जमिनीवरचा वेग ६०, म्हणजे सात तासांहून जास्त. एचपी ४२ चा पल्ला कागदावर ५०० मैल, म्हणजे पाच तास. पोचणं शक्यच नाही. मग ग्वादरलाच वारा पडायची वाट बघत बसा. आखातातला शमाल वायव्येकडून वाहतो, त्यामुळे भारतातून परतणाऱ्याला तो तोंडावर बसतो. ताशी २०० मैलांच्या विमानाला तोच वारा फक्त पाचवा हिस्सा मागे खेचतो. हळू विमान दुहेरी मार खातं.

---

चौकस_४११:

दोघांनाही धन्यवाद, बरंच उलगडलं. रेघेचं आणि कातड्याचं चित्र नक्की घालतो. मुंबईच्या टप्प्याबद्दल कोणी सांगेल का? आणि १३० पौंड म्हणजे इथल्या माणसाला किती?

---

पार्लेकर:

पैशांचं आधी. १९२७ पासून सरकारी दर एक रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. १३० पौंडांचे झाले १७३३ रुपये आणि वर थोडे आणे. हे एका बाजूचं. विमानात बसणारे म्हणजे बडे अधिकारी, संस्थानिक, मोठे व्यापारी. पण खरा धनी डाक होती, प्रवासी भरती म्हणून. इंपीरियल १९२४ मध्ये चार कंपन्या एकत्र करून उभी राहिली तीच मुळी दहा वर्षांत १० लाख पौंडांच्या सरकारी अनुदानावर.

कराचीत उतरलेल्या माणसाला मुंबईसाठी सुरुवातीला रेल्वे किंवा आगबोट. इंपीरियलचा मार्ग पुढे दिल्ली आणि कलकत्त्याकडे वळला, मुंबई बाजूलाच राहिली. ती पोकळी टाटांनी भरली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून सकाळी ६.३५ ला पस मॉथ घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल घेतलं आणि दुपारी १.५० ला जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी डाक बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. कराची-अहमदाबाद-मुंबई हे अंतर साडेसहाशे मैलांच्या आसपास आणि वेळ सव्वासात तास, थांबा धरून. म्हणजे ताशी १०० मैलच.

अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून यायचं, बर्मा शेलचे तेच चार गॅलनचे डबे. तेलपाणींनी सांगितलेली कातड्याची कसरत इथेही.

पस मॉथ हे बंद केबिनचं, वर पंख असलेलं एका इंजिनाचं विमान, वैमानिक आणि मागे जेमतेम दोघांची जागा. इंजिन जिप्सी ३, १२० अश्वशक्ती, उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली आणि क्रँक वर. त्याने समोरचं नाक खाली येतं आणि वैमानिकाला पुढचं दिसतं. विमानात रेडिओ नाही. पहिल्या फेरीत डाक २५ किलोच्या आसपास. प्रवासी घेत, पण थैल्यांनंतर जागा आणि वजन उरलं तर. १९३३ च्या पूर्ण वर्षात टाटांनी १५५ प्रवासी नेले. याला प्रवासी सेवा म्हणायचं की डाकेबरोबरची सोबत, तुम्हीच ठरवा.

जुहूबद्दल गैरसमज नको. आजच्यासारखी पक्की धावपट्टी तेव्हा नव्हती, समुद्राकाठची चिखलवट सपाटी होती. कोरड्या दिवसांत छान, पावसाळ्यात पाण्याखाली. म्हणून पावसाळ्यात सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि उड्डाणं तिथून व्हायची. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर ढग डोंगराला टेकलेले असतात, त्यात रेडिओशिवाय घाट ओलांडून वेळ पाळायची म्हणजे काय, हे ज्याने जुलैत खंडाळा पाहिलाय त्याला सांगायला नको. सरकारकडून अनुदान नव्हतं, नेलेल्या डाकेच्या वजनावर पैसे मिळत. त्यामुळे फेरी रद्द म्हणजे थेट तोटा.

१९३५ नंतर दक्षिणेला त्रिवेंद्रम, १९३७ मध्ये इंदूर-भोपाळ-ग्वाल्हेरमार्गे दिल्ली असे फाटे फुटले. त्या सुमारास वाको आणि नंतर ड्रॅगन रॅपिड ही विमानं आली, तेव्हा कुठे प्रवासी हा प्रवासी म्हणून मोजला जाऊ लागला.

---

उलटतपासणी:

वरचं सगळं बरोबर आहे, पण वाचून असं वाटेल की सात दिवस लागणं अटळ होतं. तसं नव्हतं. डच केएलएम याच आकाशातून आम्सटरडॅम ते बटाविया (आजचं जकार्ता) जात होती, कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता करत. १९३५ मध्ये त्यांनी या मार्गावर डग्लस डीसी-२ घातलं. सगळं धातूचं, एकपंखी, चाकं आत ओढून घेणारं. बटाविया कराचीच्या कितीतरी पुढे आहे, तरी तिथे साधारण सहा दिवसांत पोचत. इंपीरियलची तारांनी बांधलेली द्विपंखी विमानं तेव्हाही ताशी १०० च्याच घरात होती.

इंपीरियलची बाजू घ्यायची तर सुरक्षिततेची घेता येते. एचपी ४२ खूप कमी वेगात उतरायची, त्यामुळे आणीबाणीत कुठल्याही शेतात टेकवता यायची, आणि शांततेच्या काळात तिच्यात एकही प्रवासी दगावला नाही. उलट केएलएमचं डीसी-२ 'उइव्हर', जे ऑक्टोबर १९३४ च्या लंडन-मेलबर्न शर्यतीत दुसरं आलं होतं, ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रुत्बाजवळ वादळात कोसळलं आणि आतले सातही जण गेले. पण 'इंपीरियल हळू म्हणून सुरक्षित' हेही अर्धवटच. २६ ऑक्टोबर १९२९ ला त्यांची उडती बोट 'सिटी ऑफ रोम' इटलीच्या स्पेझियाजवळ वादळात समुद्रावर उतरली आणि ओढून नेत असताना बुडाली. तीही सातांना घेऊन.

उडत्या बोटींचं एक वेगळं दुखणं होतं, ते कोणी लिहिलं नाही. त्यांना लाटांचा त्रास होतोच, पण अगदी शांत पाणी जास्त धोक्याचं. आरशासारख्या पाण्यावर वैमानिकाला आपण किती उंचीवर आहोत हे कळतच नाही. मोटरबोट फिरवून पाण्यावर तरंग उठवणं हा त्यावरचा उपाय. ऑक्टोबर १९३७ मध्ये 'कोर्टियर' ही बोट अथेन्सला अशाच पाण्यावर अंदाज चुकून आपटली. दोनच महिन्यांनी 'सिग्नस' ब्रिंडिसीला उड्डाणातच गेली, कारण फ्लॅप (पंखाच्या मागच्या हलत्या झडपा) चुकीचे लावलेले होते. या दोन्ही शॉर्ट एम्पायर जातीच्या, चार पेगासस इंजिनांच्या, दिवसा २४ प्रवासी नेणाऱ्या. वेग ताशी १६० च्या पुढे. १९३७ मध्ये याच बोटी साउथॅम्प्टनहून थेट निघू लागल्या तेव्हा ब्रिंडिसीचा रेल्वे टप्पा टळला. कराचीत त्या कोरंगीच्या खाडीत उतरत, आणि पुढे कलकत्त्याला जाताना राजसमंद तलाव आणि ग्वाल्हेरचा तलाव हे थांबे.

तक्त्यासाठी एक सूचना: १९२९ च्या मार्गावर एचपी ४२ चं चित्र लावू नका, ती तेव्हा उडालेलीही नव्हती. पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९३० चं. आणि शारजा दाखवायचं असेल तर नकाशा १९३२ च्या शेवटी सुरू करा. बुशहर-लिंगेह आणि शारजा हे एकाच नकाशावर एकाच रंगात दाखवलेले तक्ते बरेच फिरतात, ते बघून काढू नका. तीन रंग वापरा: १९२९, १९३२ आणि १९३७.